घर 1911 चं, खोल्या अठराव्या शतकाच्या: पॅरिसची कामोंदो हवेली कशी पाहावी

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. पॅरिसची निस्सिम द कामोंदो हवेली, आज जिचं संग्रहालय झालं आहे, 1911 ते 1914 मध्ये बांधली गेली, म्हणजे मोटारी धावत होत्या, वीज आली होती त्या काळात. मग तिच्यातल्या फ्रान्सचा राजा लुई सोळावा याच्या काळच्या, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या दिवाणखान्यांना अस्सल म्हणायचं का? आत गेल्यावर नेमकं काय बघायचं? आणि तिसरा प्रश्न तुम्ही जरा संकोचून विचारला आहे: पुण्यातल्या एका क्लायंटला फोटो दाखवून हॉल 'अगदी असाच' करून हवा आहे, त्याला काय सांगायचं? मी जुन्या लाकडी फर्निचरच्या आणि सोन्याच्या मुलाम्याच्या दुरुस्तीचं काम करतो. त्यामुळे माझं उत्तर इतिहासकाराचं नसेल, कारागिराचं असेल.

पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं की वस्तू अस्सल आहेत, खोल्या जुळवून आणलेल्या आहेत आणि घर नवं आहे. मालकाने यातलं काही लपवलेलं नाही. शिवाय इथे बांधकामाचा क्रम उलटा आहे. एरवी घर आधी उभं राहतं आणि मग त्याला शोभेल असं सामान शोधलं जातं. इथे बरंचसं सामान आधी जमलं होतं आणि घर त्या सामानाच्या मापाने बेतलं गेलं.

हवेलीचे मालक मोइज द कामोंदो यांचा जन्म 1860 चा, कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे आजच्या इस्तंबूलचा. घराणं सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या, ज्यू सावकारांचं, पुढे पॅरिसला येऊन स्थिरावलेलं. पार्क मोंसोला लागून, र्‍यू द मोंसो या रस्त्यावर, त्यांच्या वडिलांचा मोठा वाडा होता. 1910 मध्ये आई वारल्यावर तो मोइजकडे आला आणि त्यांनी तो सरळ पाडला. वास्तुकार नेमला रने सर्जां. हा माणूस अठराव्या शतकाच्या फ्रेंच शैलीत मुरलेला होता; व्हर्सायचं त्रियानों पॅलेस हॉटेल त्याचंच. हवेलीसाठी नमुना घेतला व्हर्सायच्या बागेतल्या पेती त्रियानोंचा, म्हणजे आंज-झाक गाब्रिएलने 1760 च्या दशकात बांधलेल्या छोट्या महालाचा. मोइजचा चुलतभाऊ इझाक इम्प्रेशनिस्ट चित्रं आणि जपानी छापचित्रं गोळा करायचा, ती त्याने लूव्रला दिली. मोइजना मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या पलीकडे फारसं काही दिसतच नव्हतं. संग्राहकाचा हा हट्टीपणा मला आवडतो. सगळंच गोळा करणाऱ्याचं घर बहुधा दुकानासारखं दिसू लागतं.

घर सामानाच्या मापाने बेतलं म्हणजे काय, ते 'सालों दे ह्युए' या लंबगोल खोलीत उभं राहिलं की कळतं. झां-बातिस्त ह्युएने 1776 च्या सुमारास मेंढपाळ आणि मेंढपाळणीच्या प्रेमप्रसंगांची सात चित्रं रंगवली. ती मोइजकडे घर बांधण्याआधीपासून होती. सर्जांने खोलीचा आकार, दारांची जागा, खिडक्यांमधलं अंतर हे सगळं या सात चित्रांवरून ठरवलं. घराच्या दोन बाजू काटकोनात मिळतात तिथे बागेच्या अंगाला गोलाकार फुगवटा आला आहे, त्याच भागात ही खोली बसते. चित्राभोवतीची लाकडी चौकट आणि दरवाज्याची चौकट यांच्यामधली मोकळी पट्टी नीट पाहा. ती सगळीकडे इतकी सहज वाटते की चित्रं खोलीसाठीच काढली होती असं वाटावं. उलट जिथे खोली आधी आणि चित्र नंतर येतं तिथे ही पट्टी कुठे तीन बोटं, कुठे वीत अशी होते. आपल्या कामात नव्वद टक्के फसगत या पट्टीतच होते.

मोठ्या दिवाणखान्याची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या भिंतींना लावलेलं पांढरं-सोनेरी लाकूडकाम र्‍यू रोयाल या रस्त्यावरच्या अठराव्या शतकातल्या एका घरातून काढून आणलेलं आहे. फ्रेंचमध्ये या कोरीव भिंतकामाला ब्वाझरी म्हणतात. जुनं लाकूडकाम नव्या खोलीत तंतोतंत कधीच बसत नाही. कुठे फळी कापावी लागते, कुठे नवी जोडावी लागते, कोपऱ्यात भर घालावी लागते. म्हणजे शुद्धतेच्या हिशेबाने ही खोली 'जुनी' नाहीच. न्यूयॉर्कचे उद्योगपती हेन्री क्ले फ्रिक यांच्या घरातही हेच झालं. चित्रकार फ्रागोनारने पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द्यु बारी हिच्यासाठी काढलेली आणि तिने नाकारलेली प्रेमाच्या प्रवासाची चित्रं फ्रिकने 1915 मध्ये विकत घेतली आणि नुकतंच बांधून झालेल्या घरातला दिवाणखाना त्यांच्यासाठी पुन्हा बदलून घेतला. दोन्हीकडे पैसा अफाट होता. तरी मला कामोंदोंचं काम सरस वाटतं, कारण तिथे घर उभं राहण्याआधीच विचार झाला होता.

अस्सलपणाचा आणखी एक पदर आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. जुन्या मार्केट्रीचं, म्हणजे रंगीत लाकडाच्या पातळ चकत्यांनी केलेल्या चित्रकामाचं, आज दिसणारं मधासारखं तपकिरी रूप हे तिचं मूळ रूप नव्हे. अमारांत लाकूड जांभळं होतं, काही चकत्या हिरव्या-निळ्या रंगात बुडवून रंगवलेल्या होत्या. उजेडाने सगळं फिकं पडलं. असं टेबल दुरुस्तीला उघडलं आणि चकतीची मागची बाजू दिसली की डोळे दिपतात. अठराव्या शतकातल्या गिऱ्हाइकाला त्याचं नवं टेबल आजच्या मानाने भडकच दिसत असणार. मऊ, निवलेला, जुनेपणाचा जो रंग आपल्याला 'क्लासिकल' वाटतो, तो संग्राहकांच्या पिढीने प्रेम करून आपल्यापर्यंत पोचवलेला रंग आहे. तेव्हा कामोंदो हवेलीत तुम्ही दोन काळ एकदम पाहता: 1780 च्या वस्तू आणि 1914 ची नजर. हे ध्यानात ठेवलं की अस्सल की नकली हा वाद बराचसा गळून पडतो.

आता काय पाहायचं. सोन्याकडे सगळ्यांचंच लक्ष जातं, म्हणून मी आधी खुर्च्यांकडे पाहायला सांगतो. त्या काळच्या फ्रेंच दिवाणखान्यात दोन जातींच्या खुर्च्या असत. एकीची पाठ सपाट. तिला 'आ ला रेन' म्हणत. ती भिंतीला लावून ठेवायची, जवळजवळ भिंतकामाचाच भाग. तिच्या पाठीची वरची रेघ आणि मागच्या लाकडी चौकटीची रेघ एकमेकींशी बोलायला हवी. दुसरीची पाठ आतून गोलसर, हलकी, ती 'काब्रिओले'. ती खोलीच्या मधल्या भागात, गप्पा जिथे रंगतील तिथे ओढून न्यायची. आपल्या पंगतीत मीठ-लिंबू कुठे, चटणी-कोशिंबीर कोणत्या बाजूला हे जसं ठरलेलं असतं, तसं या खुर्च्यांचं स्थान ठरलेलं असे. ते माहीत नसलं की माणूस सगळ्याच खुर्च्या मधोमध मांडतो आणि हॉलचं प्रतीक्षालय करून टाकतो. कामोंदोंच्या घरात ही शिस्त पाळलेली दिसते.

खुर्ची बनवणारा आणि कपाट बनवणारा हे कारागीरही वेगळे असत. खुर्ची, दार, भिंतकाम असं भरीव लाकडाचं काम करणारा तो मन्युझिए. विनिअर आणि मार्केट्रीचं काम करणारा तो एबेनिस्त. दोघांचा संघ एकच, पण कामाची हद्द वेगळी. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पॅरिसच्या उस्तादाला आपल्या नावाचा लोखंडी ठसा लाकडात ठोकावा लागे. संघाचे पंच तपासणी करून JME ही संघाची अक्षरं ठोकत. राजाच्या कारखान्यातल्या कारागिरांना यातून सूट होती. 1791 मध्ये संघच बरखास्त झाले. हा ठसा खुर्चीच्या बैठकीच्या चौकटीखाली असतो. कमोडवर, म्हणजे खणांच्या बुटक्या कपाटावर, तो बहुतेक वेळा वरच्या संगमरवराखाली, पुढच्या खांबांच्या माथ्यावर सापडतो. पाहुण्याला तो दिसणार नाही, पण फलकावर ओबेन, रिझनेर, कार्लें, वाइसवाइलर, झाकोब ही नावं वाचताना ती कुठून आली हे माहीत असलेलं बरं. बाजारात नकली ठसेही भरपूर फिरले आहेत, म्हणून आम्ही ठसा सगळ्यात शेवटी पाहतो. आधी खण बाहेर काढून त्याचे सांधे, तळाची फळी, हातरंध्याच्या खुणा पाहायच्या.

मार्तें कार्लेंचं एक छोटं लिहायचं टेबल या हवेलीत आहे, सेव्र्ह पोर्सेलिनच्या फुलांच्या चकत्या जडवलेलं, 1766 चं. त्यापाशी थोडं थांबा. ती चकती राजाच्या सेव्र्हच्या कारखान्यातली, आणि तिथल्या मालावर वर्षाचं अक्षर असे. लाकूडकाम कार्लेंचं. पितळी किनार ओतणारा एक, तिला छिन्नीने उठाव देणारा दुसरा आणि मुलामा चढवणारा तिसरा. या सगळ्यांना एकत्र आणणारा मार्शां-मर्सिए नावाचा व्यापारी. त्याच्याकडे स्वतःचा कारखाना नसे, पण कल्पना आणि गिऱ्हाइकं त्याची. पोर्सेलिन जडवलेल्या फर्निचरचा धंदा पोआरिए नावाच्या अशाच व्यापाऱ्याने जवळजवळ आपल्या मुठीत ठेवला होता. आजच्या भाषेत इंटिरिअर डिझायनर म्हणजे तोच.

पितळेवरच्या सोन्याबद्दल सांगायलाच हवं. सोनं पाऱ्यात विरघळवून त्याचा लगदा कांस्यावर किंवा पितळेवर फासायचा आणि विस्तवावर धरायचा. पारा उडून जातो, सोनं राहतं. मग काही भाग अकीक दगडाने घासून चकचकीत करायचा, काही मुद्दाम अंधुक ठेवायचा. पाऱ्याच्या वाफेने कितीतरी मुलामाकारांचे दात, हात आणि आयुष्य गेलं. हे काम आता तसं कोणी करत नाही आणि करूही नये. पण त्या सोन्याला खोली होती ती याच चकचकीत आणि अंधुकाच्या खेळामुळे. फोटोत ती कधीच येत नाही. तुमच्या क्लायंटने फोटो पाहिला आहे, हाच त्याचा मुख्य प्रश्न आहे.

लाकडावरचा मुलामा निराळा. आधी सरस आणि खडूच्या पुडीचे अनेक थर, ते वाळले की त्यांतच छिन्नीने नक्षी पुन्हा धारदार करायची, मग गेरूसारखी तांबडी माती, तिच्यावर पाणी लावून सोन्याचा वर्ख, आणि शेवटी अकीकाची घोटाई. जुन्या चौकटीवर जिथे हात लागून सोनं झिजलं आहे तिथे खालची तांबडी माती दिसते. बागेच्या बाजूच्या खिडकीतून तिरपा उजेड येत असेल तेव्हा मोठ्या दिवाणखान्यात हे शोधा.

आणि मग मोठ्या दिवाणखान्यातून मोठ्या कचेरीत, 'ग्रां ब्युरो'त जा. तिथे भिंतींना रंग नाही, सोनं नाही, उघडं ओक लाकूड आहे. ला फोंतेनच्या नीतिकथांवरची ओबुसाँची विणकामं आणि मादाम विजे-ल ब्रँने 1785 मध्ये काढलेली बाकान्त, म्हणजे मद्यदेवतेच्या भक्तिणीचं चित्र, एवढ्यावर खोली उभी आहे. माझ्या मते या हवेलीतला सगळ्यात मोठा धडा या दोन खोल्यांच्या मधल्या दरवाज्यात आहे. सोनं एका खोलीला दिलं, शेजारच्या खोलीने ते नाकारलं, म्हणून पहिलीचं सोनं सोनं वाटतं. भोजनदालनात आणखी वेगळं: फिकट हिरव्या भिंती आणि चांदी. रशियाच्या कॅथरीन सम्राज्ञीने 1770 च्या सुमारास पॅरिसच्या रोएतिए या चांदीच्या कारागिराकडून आपला प्रियकर ओर्लोव्ह याच्यासाठी जी प्रचंड चांदीची भांडी घडवून घेतली, त्यातली काही इथे आहेत. शेजारच्या चिमुकल्या खोलीत सेव्र्हचा ब्युफों सेट, निसर्गशास्त्रज्ञ ब्युफोंच्या नावाचा. प्रत्येक ताटलीवर एक पक्षी आणि पाठीमागे त्याचं नाव. एकट्याने जेवायचं असेल तर मोइज याच खोलीत जेवत.

मोठ्या दिवाणखान्यातला गालिचा चुकवू नका. तो साव्होन्री कारखान्यात 1678 मध्ये विणला गेला. लूव्रच्या लांबलचक मोठ्या दालनासाठी, 'ग्रांद गालरी'साठी, चौदाव्या लुईने जी गालिच्यांची मालिका मागवली होती, त्यातला हा एक, 'वायू'चा. म्हणजे वर ठेवलेल्या खुर्च्यांपेक्षा शंभर वर्षं थोरला. काळाच्या बाबतीत इतका काटेकोर माणूसही गालिच्यापुढे पाघळला, हे मला फार मानवी वाटतं.

खालचा मुदपाकखानाही पाहाच. पांढऱ्या टाइलच्या भिंती, लोखंडाची अजस्र चूल, तांब्याची भांडी. तिथे अठराव्या शतकाचं सोंग नाही. लिफ्ट, गाळलेल्या गरम हवेची व्यवस्था, न्हाणीघरं, नोकरांचे वेगळे जिने हे सगळं 1914 चं अद्ययावत. नोकर आणि पाहुणे एकमेकांना दिसू नयेत अशी आखणी आहे. ती कशी केली हे वास्तुकाराने अभ्यासावं असं आहे.

हे सगळं जागच्या जागी का राहिलं, त्याचं कारण दुःखाचं आहे. मोइजचा मुलगा निस्सिम पहिल्या महायुद्धात वैमानिक होता, सप्टेंबर 1917 मध्ये हवाई लढाईत मारला गेला. वारस गेल्यावर वडिलांनी हवेली आणि संग्रह मुलाच्या नावाने देशाच्या सजावट-कलेच्या संस्थेला देऊन टाकला. अट अशी की काही हलवायचं नाही, बाहेर उसनं द्यायचं नाही, भर घालायची नाही. 1935 मध्ये ते वारले, पुढच्या वर्षी संग्रहालय उघडलं. मुलगी बेआत्रिस, तिचा नवरा लेओं रेनाक आणि त्यांची दोन मुलं यांना जर्मन ताब्याच्या काळात पॅरिसजवळच्या द्राँसीच्या छावणीतून ऑश्विट्झला पाठवलं गेलं; चौघांपैकी कोणी परत आलं नाही. ज्या देशाला हे घर भेट दिलं, त्याच देशाच्या पोलिसांच्या मदतीने हे घडलं. फर्निचरच्या उत्तरात हे कशाला, असं वाटेल. पण त्या खोल्यांतून फिरताना हे माहीत नसलं तर तुम्ही अर्धंच घर पाहिलं.

आता तुमचा क्लायंट. त्याला सांगायची पहिली गोष्ट उंचीची. या शैलीचं सगळं गणित उंच छतावर, जमिनीपर्यंत येणाऱ्या खिडक्यांवर आणि एका रेषेत उघडणाऱ्या दारांवर चालतं. साडेनऊ फुटांच्या छताला पीओपीची जाड कॉर्निस, खाली झुंबर आणि भिंतीवर चौकटी लावल्या की खोली बसकी होते. छत कमी असेल तर कॉर्निस अगदी बारीक ठेवा, भिंतीवरच्या चौकटी उभ्या आणि निमुळत्या करा, झुंबराऐवजी भिंतीवरचे दिवे घ्या. दुसरी गोष्ट: थ्री-प्लस-वन-प्लस-वन सोफासेट ही त्या काळात वस्तूच नव्हती. सोनेरी पायांचा सोफासेट म्हणजे आपल्या शोरूमची फ्रेंच शैली. त्याऐवजी एक लांब कानापे, म्हणजे त्या काळचा पाठीचा बाक, भिंतीला दोन सपाट पाठीच्या आणि मध्ये चार हलक्या खुर्च्या. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

सोनेरी रंगाबद्दल मात्र कडक राहा. डब्यातला सोनेरी रंग म्हणजे बहुतेक पितळेची पूड. दोन-तीन पावसाळ्यांत ती काळवंडते, हिरवट होते. 'गोल्ड लीफ' म्हणून मिळणारा स्वस्त वर्खही पितळेचाच असतो, त्यावर लाखेचं आवरण हवंच. खऱ्या सोन्याचा वर्ख काळवंडत नाही, पण खाली सरस-खडूचा थर असेल तर आपल्या दमट हवेत तो धोक्याचा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, थर तडकून सोन्यासकट सुटतो. मी अशा वेळी लाकूड नीट वाळवलेलं सागवानी घ्यायला सांगतो, सोनं फक्त उठावाच्या कडांना, तेही तेलावर चिकटवायच्या पद्धतीने, आणि खोलीतली आर्द्रता वर्षभर साधारण सारखी राहील याची सोय. एसी दिवसा चालू, रात्री बंद हा प्रकार बंद पडल्या एसीपेक्षा वाईट.

खरी जुनी वस्तू विकत घ्यायची त्याची तयारी असेल तर आनंद आहे. एकच चांगली घ्या आणि खोली तिच्याभोवती रचा, कामोंदोंनी ह्युएच्या चित्रांभोवती रचली तशी. मात्र परदेशातल्या लिलावातून मागवण्याआधी तिच्यात काय जडवलं आहे ते लेखी विचारा. बूल पद्धतीच्या कामात पितळेबरोबर समुद्री कासवाचं कवच असतं, काही टेबलांवर हस्तिदंत असतो. दोन्हींचा आंतरराष्ट्रीय व्यापार कडक निर्बंधांखाली आहे आणि आपल्याकडचा वन्यजीव कायदाही त्यांना सोडत नाही. वस्तू दोनशे वर्षं जुनी आहे म्हणून कस्टममधून आपोआप सुटेल असं धरून चालू नका. परवाना हातात आल्याशिवाय पैसे पाठवू नका. साध्या महोगनीचं लुई सोळाव्याच्या काळचं सरळ पायांचं टेबल यातल्या कुठल्याही भानगडीत न अडकता मिळू शकतं, आणि पुण्याच्या हॉलमध्ये तेच जास्त शोभेल.